पिंपातले सासरे

तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी एका ओकच्या पिंपाला कान लावायला जमली होती, आणि पिंप खरंच बोलत होतं. बुड, बुड, मग एक लांब सुस्कारा.

"तुमचे यजमान म्हणतायत, इथे फार गारठा आहे," निरोप्यानं सांगितलं, आणि सासूबाईंनी डोळे पुसत ताबडतोब शेगडी मागवली. हा निरोप्या मेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोचवायचा. ते खरे की खोटे, हे मेलेले कुठे सांगायला येणार!

त्या खोऱ्यात चुनखडीचे पांढरेफटक उतार, आणि त्यांवर एकच द्राक्ष, शार्डोने. लोक ते पिकवून कारखान्याला घालायचे. आळीत घरी वाइन करायचा खटाटोप एकट्या सासऱ्यांचा. शेवटच्या तोडणीनंतर त्यांनी हे पिंप भरलं आणि ते गेले. हिवाळा सरला, पिंप बोलू लागलं आणि वास काढत निरोप्या हजर झाला. आधी सासऱ्यांना थंडी वाजत होती. मग त्यांना निरोप्याचा चेहरा पाहिल्याशिवाय चैन पडेना. शेवटी त्यांनी फर्मावलं की वरचा उतार निरोप्याच्या नावावर करून टाक.

सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. लग्न होऊन आल्यापासून त्या उतारावर तिनं घाम गाळला होता. तिनं परोपरीनं समजावलं: शार्डोने पिंपात दोनदा आंबते. थंडीत झोपलेले जंतू ऊब लागली की उठतात, वाइनचा आंबटपणा मवाळ करतात, तेव्हा वायू सुटतो आणि बुडबुडे येतात. सासूबाई म्हणाल्या, "तुझं शास्त्र तुझ्याकडे ठेव. नवरा माझा आहे." तिचा स्वतःचा नवरा आईपुढे मिठाची गुळणी धरून बसला होता.

मग सुनेनंही जास्त वाद घातला नाही.

सह्या व्हायच्या त्या दिवशी तिचे आईवडीलही आले होते. निरोप्यानं पिंपाला मिठी मारली, डोळे मिटले. बुड.

"म्हणतायत, राणी, तुझ्याशिवाय करमत नाही गं."

सासूबाई विरघळल्या. निरोप्यानं मग खड्या आवाजात विचारलं, उतार द्यायचा ना? पिंप फसफसलं. हो म्हणाले, असं त्यानं जाहीर केलं.

"नक्की सासरेच ना?" सुनेनं विचारलं.

"शंभर टक्के. त्यांचा आवाज मी ओळखत नाही होय?"

"हे पिंप माझ्या बाबांनी भरलंय. माहेरच्या द्राक्षांचं. सकाळी मी पिंपं बदलली."

सगळ्या माना व्याह्यांकडे वळल्या. ते तोंडातला घास तसाच धरून उभे, चांगले धडधाकट. त्यांच्या बायकोनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

"मी असलं काही बोललेलो नाही," ते घाईघाईनं बायकोला म्हणाले.

तळघर हसून हसून फुटायची वेळ आली. सुनेनं पिंपाला गुडघ्यानं हलकेच ढोसलं, तसं ते फसफसलं. निरोप्याचा "हो" त्याच्या लांब अंगरख्याआडच्या गुडघ्यातून येत होता. सासऱ्यांचं पिंप तिनं आतल्या गार खोलीतून आणवलं. ते मुकं होतं. शेगडीजवळ ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत तेही बुडबुडू लागलं. तोवर निरोप्यानं काढता पाय घेतला होता.

सासूबाई वाकून ऐकत राहिल्या. "म्हणजे हे यात नव्हतेच?"

सुनेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खोटं बोलणं फार सोपं होतं. "नव्हते, आई. पण वाइन त्यांच्याच हातची आहे."

"तरीच," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "अख्ख्या संसारात या माणसानं मला कधी राणी म्हटलं नाही. मला तिथेच कळायला हवं होतं."

हसावं की रडावं, कुणालाच कळेना. मग त्याच सरळ उभ्या राहिल्या आणि जमलेल्यांना म्हणाल्या, "आवाज आला तर जरूर ऐका. पण तो कशानं येतो ते आधी बघा, आणि दुःखात असाल तेव्हा तर दोनदा बघा. मी बघितलं नाही. हिची जमीन मी घालवलीच असती."

"आपली," सून म्हणाली.