मयालीतली कडी

घरात शिरलेला माणूस आधी भिंती पाहतो, मग खिडक्या, मग चूल. वर कोणी पाहत नाही. जरा मान वर करा. काळ्या मयालीच्या पोटातून वाकवलेल्या बोटासारखी लोंबते ना, ती मी. पाळण्याची कडी. जानेफळच्या गोजरबाईच्या घरातली. ते घर आता गोजरबाईचं राहिलं नाही. कसं गेलं आणि कोणाकडे गेलं, तेच सांगते. सगळं माझ्याच खाली घडलं.

आधी मी कडी नव्हते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव होते. मेहकरच्या बाजाराचा रस्ता माझ्या अंगाखालून किती वेळा गेला, काय सांगू. झिजले, तुटले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिले. मग गोजरबाईला दिवस गेले. तिचे मालक रामराव माझा एक तुकडा उचलून लोहाराकडे गेले. लोहारीण भाता ओढत होती. नवऱ्याला म्हणाली, "मजबूत करा बरं. लेकराचं काम हाय." तेवढ्या बोलण्यावर लोहारानं मला पुन्हा एकदा आगीत घातलं. तेव्हा फार पोळलं. आता त्या बाईचे उपकार वाटतात.

रामरावांनी सागाच्या मयालीला आरपार भोक पाडून मला बसवलं. मयाल म्हणजे घराचं छत पेलणारी मोठी तुळई. मग ते मला दोन्ही हातांनी धरून, पाय दुमडून लोंबकळले. चांगले धिप्पाड होते. मी हलले नाही. "धरते," एवढंच म्हणाले आणि हात झटकून जेवायला बसले.

गोजरबाईची सगळी लेकरं माझ्याखाली झोपली. पाळणा निघाला की माझ्यावर शिंकं यायचं, दिवाळीला कंदील यायचा, आणि पुन्हा पाळणा. मग लेकी नांदायला गेल्या. रामराव गेले. माझ्यावर कांद्याच्या जुड्या आल्या, आणि मग त्याही येईनात. एकट्या बाईला कांदा तो किती लागतो?

वरवट बकालची लेक आईला बोलवत होती. गोजरबाई जायला तयार होती, पण घराला कुलूप लावून जायला तयार नव्हती. म्हणायची, "कुलूप लावलेलं घर वाळवीचं होते. कोणाचं तरी होऊ द्या." म्हणून तिनं निवृत्तीला बोलावलं.

निवृत्ती आधी बैलांचा दलाल होता. पोट पुढं, काखेत छत्री, तोंडात सुपारी. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यानं गुरांचा बाजार सोडला आणि घरं दाखवायला लागला. रीत मात्र बैलाचीच. गिऱ्हाइकाला आधी मरतुकडं घर दाखवायचं, मग बरं, आणि मनातलं घर शेवटी. स्वतः तारीफ करायची नाही, गिऱ्हाईक करेल तेव्हा मान डोलवायची. घर पुरुष घेतो पण पसंत बाई करते, म्हणून आधी बाईला आत जाऊ द्यायचं. गोजरबाईलाही त्यानं शिकवून ठेवलं होतं, "काकू, माणसं आली का चुलीवर चहा ठेवत जा. धूर निघणारं घर जितं दिसते. अन् रामराव काकाची आठवण काढून रडू नका. रडक्या घरात कोणी लेकरंबाळं घेऊन येते काय?"

माणसं आली तशी गेली. कोणाला गोठा लहान वाटला, कोणाला विहिरीचं पाणी मचूळ लागलं. मग चांगुणा आली.

तिचा नवरा भगवानराव सुलतानपूरचा. इथल्या शाळेत मास्तर म्हणून बदलून आला होता. भाड्याच्या खोलीत राहायचं नाही, असा बायकोनं हट्टच धरला होता, म्हणून ते घर शोधत होते. चांगुणा वयानं लहान. खांद्यावर काही महिन्यांची पोरगी. डोळे खोल गेलेले, गालाची हाडं वर आलेली. निवृत्तीनं तिला रीतीप्रमाणं आधी आत जाऊ दिलं.

आणि मला नवल वाटलं. तिनं भिंत पाहिली नाही, चूल पाहिली नाही. मधल्या घरात पाय ठेवल्याबरोबर वर पाहिलं. थेट माझ्याकडे. पाहतच राहिली. मग एकदम मान खाली घालून म्हणाली, "चूल दाराच्या समोर हाय. नाई जमणार."

निवृत्तीनं गोजरबाईला चूल कोपऱ्यात घालायला लावली. आठवड्यानं पुन्हा आणलं. चांगुणानं पुन्हा वर पाहिलं आणि म्हणाली, "मागच्या चिंचेची सावली पडते घरावर." चिंचेची फांदी उतरवली. मग म्हणाली, "शेजारीण लय मोठ्यानं बोलते. पोरगी दचकन." हे ऐकून शेजारची विमलबाई कुंपणावरूनच म्हणाली, "मी काय मोठ्यानं बोलतो काय वं, माय?" सारी गल्ली दारात आली. भगवानरावही हसले, चांगुणा मात्र हसली नाही.

गावात तिची चेष्टा व्हायला लागली. 'वाकडं तोंड' म्हणायच्या बायका. निवृत्तीनं तिला जानेफळातली सगळी विकाऊ घरं दाखवली होती. एक दिवस तो माझ्याखाली बसून चहा पिताना गोजरबाईला म्हणाला, "काकू, बैलाचे दात पाह्यले का वय समजते. ह्या बाईचं काय पाहावं, तेच समजून नाई राह्यलं. एक खोट काढली का दुसरी सांगते. अन् खोट सांगतानी तिचा तिच्याच बोलण्यावर इश्वास दिसत नाई."

"थकली हाय पोरगी," गोजरबाई म्हणाली. "मांडीवर लेकरू, अन् बसल्या बसल्या पेंगते. पाह्यलं नाई काय? अन् जरा डोळा लागला का दचकून उठते."

निवृत्तीनं बशी खाली ठेवली. "पेंगते? मंग तिले पाळणाच दाखवू. भरलेलं घर दिसलं पाह्यजे."

हीच त्याची चूक झाली. पण नियत वाईट नव्हती त्याची.

रविवारी त्यानं माळ्यावरचा गोजरबाईचा जुना पाळणा उतरवला, पुसला, दोऱ्या ओवून माझ्यावर टांगला. कित्येक वर्षांनी अंगावर ओझं आलं. मला बरं वाटलं. गोजरबाई मागं परसात पाणी भरत होती, नाहीतर तिनं त्याला तेव्हाच हटकलं असतं. दारात मास्तर आणि चांगुणा दिसले, तसा निवृत्तीनं हौसेनं पायाच्या अंगठ्यानं पाळण्याला झोका दिला. पाळणा रिकामा. माझ्याखाली रिकामा पाळणा डोलायला लागला.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. निवृत्तीलाही माहीत होतं. पण घर खपवायच्या घाईत आपण काय करतो आहोत हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

चांगुणा किंचाळली. पोरीला छातीशी आवळून ती उलट्या पावली बाहेर पळाली. चपला दारातच राहिल्या. भगवानराव आधी ओशाळले, मग चिडले. "पाहिलंत? रोज हेच. मी शाळेचे रजिस्टर सोडून हिंडतो, अन् हिला घरं पाहून रडू येते! मी नाही आता येत कुठं." आणि ते पाय आपटत उलट्या बाजूला निघून गेले.

वैशाखाचं ऊन. अनवाणी पोरगी कुठवर जाईल? गोजरबाई हातात चपला घेऊन मागं गेली आणि तिला धरून आणलं. पडवीत बसवलं. पाणी दिलं. निवृत्ती ओट्याच्या टोकाला पाठ करून बसला होता, मान खाली घालून. पडवी मला उघड्या दारातून दिसते.

"चाल, घर नको घेऊ," गोजरबाई म्हणाली. "पण मले सांग, काऊन भेली तू एवढी?"

"काई नाई."

"माय म्हणून पुसतो."

चांगुणा पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग बोलायला लागली, आणि बोलताना माझ्याकडे पाहत होती.

भाड्याच्या खोलीत तिनं पोरीला पाळण्यात घातलं होतं. पोरगी रडली म्हणून पाजायला उचलून घेतली. पदर सावरून बसते न बसते तोच मागं धाडकन आवाज झाला. मयालीला आतून वाळवी लागली होती. वरून रंग दिलेला, कोणाला दिसलं नाही. कडी लाकडासकट निघून आली आणि पाळणा दगडी फरशीवर पडला. रिकामा.

"रिकामाच पडला नं वं!" गोजरबाईनं कपाळाला हात लावला.

"हो. समदे हेच म्हणतात. रिकामाच पडला, काई झालं नाई. मालक म्हणतात, देवाचे उपकार मान. मानतो मी. पण मी थोडी उशिरा उठली असती तं?" तिनं पोरीला जवळ ओढलं. "तव्हापासून हाताच्या उशीवर निजवतो पोरीले. माह्या डोळ्याले डोळा लागत नाई. झोपेत हात सरकला तं? कूस बदलतानी तिच्या नाकावर माहा हात पडला तं? दूधही आटत चाललं. हे कोणाले सांगावं? तोंडातून काढलं अन् खरं झालं तं? म्हणून कधी चूल म्हणली, कधी चिंच म्हणली."

असं लपवणारी आई मी आधीही पाहिली आहे. लोक म्हणतात, बाई नखरे करते. तिला कशाची भीती वाटते ते तिलाच ठाऊक.

निवृत्ती ओट्यावरून उठला. आत आला. त्यानं पाळणा काढून बाजूला ठेवला. छत्री भिंतीला टेकवली, सुपारी थुंकून आला. मग चौरंगावर चढून त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलले.

देवा रे! रामरावांपेक्षा दीडपट माणूस. धोतराचा सोगा सुटला, तोंड लालभडक झालं, पोट पंख्यासारखं हलायला लागलं. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला.

"पाह्य, बाई," तो लोंबकळत म्हणाला. "मी दोन पोत्यायच्या वजनाचा हाय. माह्यापेक्षा जड लेकरू तुह्या पोटी होणार नाई!"

चांगुणाला हसू फुटलं. मग हसता हसता रडूही आलं.

पण तेवढ्यावर तिचं भागलं नाही. भागू नयेच. निवृत्ती उतरला, तशी पोरीला गोजरबाईकडे देऊन ती स्वतः चौरंगावर चढली. मुठीनं मयाल ठोकून पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कान लावला. केसातला आकडा काढून लाकडात टोचून पाहिला. निवृत्ती चौरंग सरकवत राहिला. एकदाही म्हणाला नाही, "बस झालं." शेवटी तिनं मला धरलं आणि पाय दुमडले. काय ते वजन! पाखरू बसावं तसं. रामराव लोंबकळले होते तेव्हा मी नुसतं ओझं पेललं होतं. त्या दिवशी मला लोहारणीचं बोलणं आठवलं.

"धरते," चांगुणा म्हणाली.

गोजरबाईनं पाळणा पुन्हा टांगला. लगेच लेकराला घालू दिलं नाही. पाट्यावरचा वरवंटा धुतला, त्याला कुंकू लावलं, टोपडं घातलं आणि बारशाला निजवतात तसा पाळण्यात निजवला. "मघाशी झालं ते धुऊन जाऊ दे," म्हणाली. वरवंट्याला झोके दिले. निवृत्ती हात जोडून उभा होता, म्हणाला, "चुकलंच माहं, बाई." मग वरवंटा उचलला आणि पोरीला ठेवलं. चांगुणाचा हात पाळण्याच्या कडेवर, दुसरा दोरीवर. डोळे माझ्यावर. मी कुरकुरलेसुद्धा नाही. डोळे मिटत गेले. तिथंच, उघड्या जमिनीवर, दोरी हातात धरून ती झोपली. गोजरबाईनं तिच्या डोक्याखाली लुगड्याची घडी सरकवली.

उन्हं कलल्यावर भगवानराव आले. राग उतरला होता, बायको सापडेना म्हणून घाबरे झाले होते. दारातूनच ओरडले, "निवृत्तीभाऊ, आमची मंडळी...?"

निवृत्ती उंबऱ्यात बसून होता. त्यानं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला, गुरुजी. घर पसंत पडलं."

भगवानरावांनी आत पाहिलं. मग ते त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. दिवा लागेपर्यंत दोघंही बोलले नाहीत. विमलबाई काही विचारायला आली तीसुद्धा खुणेनं बोलली. असं ह्या गल्लीत पुन्हा कधी झालं नाही.

वरवट बकालला जायच्या दिवशी गोजरबाई रडली. निवृत्तीनं तिला अडवलं नाही. निघताना तिनं तेलात बोट बुडवून मला लावलं आणि चांगुणाला म्हणाली, "वर्साले एकडाव इतकं करत जाय. बाकी कडी काई मागत नाई."

पोरीचं राहून गेलेलं बारसं माझ्याखालीच झालं. नाव सिंधू ठेवलं. ती सिंधू आता शाळेत जाते आणि माझ्यावर टांगलेल्या शिंक्यातलं लोणी उडी मारून काढते. निवृत्तीचे गुडघे पार गेले, तरी घरं दाखवतोच. फक्त आता बाईला आत पाठवलं की ती कुठं पाहते हे तो दारातून पाहतो, आणि तिथं काय आहे हे जाऊन पाहून येतो.

आज सकाळी चांगुणानं माझ्यावरचे कांदे उतरवायला लावले. पुन्हा दिवस आहेत तिला. चौरंगावर चढायला भगवानरावांनी तिला मनाई केली आहे, म्हणून ते स्वतः चढले, मला धरून लोंबकळले, मयाल ठोकली. ती खालून सांगत होती, "तिकडच्या टोकालेही ठोका. अजून एकदा." त्यांनी अजून एकदा ठोकलं. हसले नाहीत.

तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर वर पाहा. कांदे टांगा, कंदील टांगा, काही हरकत नाही. पण पाळणा टांगण्याआधी लाकूड ठोकून पाहा, आणि घरातली बाई पुन्हा ठोकायला सांगेल तर पुन्हा ठोका. मला तेलाचं बोट तेवढं लावा. मी धरून आहे.