काकूंचा पांढरा झेंडा

दोन वर्षं सगळ्यांनी नाकतोडीच्या नावाने खडे फोडले. फोडणारच हो, तिने काम तसंच केलं होतं.

नाकतोडी हे तिचं लहानपणापासूनचं टोपणनाव. काटकुळे लांब पाय आणि जिथे तिथे उडी मारायची खोड. त्याच लांब उडीने तिला पदकं दिली, जाहिराती दिल्या, आणि मग एका दिवसात सगळं मातीत गेलं. प्रशिक्षक सरांशी तिचं जुळलं होतं, ते चव्हाट्यावर आलं. सर लग्न झालेले. आणि त्यांची बायको कोण? काकू! सराव संपवून आलेल्या या पोरीला पाच वर्षं गरम गरम वाढणाऱ्या, तिला ताप आला की उशाशी बसणाऱ्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

सर तर मोठे शूर! दोघींना वाऱ्यावर सोडून दुसऱ्या शहरात नोकरी धरून बसले. शिव्या उरल्या त्या हिच्या वाट्याला, आणि त्यातली एकही फुकटची नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आज निवड चाचणी होती. पहिली येईल तिलाच संघात जागा. ही संधी हुकली की संपलंच. पुढच्या खेपेपर्यंत गुडघे कुठले टिकायला? नाकतोडी धावपट्टीच्या टोकाशी उभी राहिली आणि समोर पाहते तर काय! फळीपाशी, खुर्चीवर, मांडीवर दोन झेंडे घेऊन काकू बसल्या होत्या.

नियम सोपा. फळीवरून उडायचं. फळीपुढे ओल्या मातीची पट्टी असते. तिच्यावर पायाचा ठसा उमटला की उडी बाद, लाल झेंडा. नाही उमटला तर पांढरा. काकू कित्येक वर्षं हेच काम करत होत्या. सख्खी आई उडी मारायला आली आणि चुकली, तर तिलाही लाल दाखवतील, असं मैदानावर म्हणायचे. ‘आज तरी यांना बदला’ असं कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा मुख्य पंच उखडलेच, ‘‘त्या बाईच्या डोळ्यावर शंका घेणारा अजून जन्मायचाय!’’

पहिल्या उड्या जेमतेमच गेल्या. काकूंकडे बघवेना, आणि तिकडे न बघता फळीवर पाय पडेना. शेवटची उडी उरली तेव्हा ती दुसरी होती. पुढे होती एक हसरी पोर, हिच्याच उड्यांचे व्हिडिओ बघून शिकलेली.

नाकतोडी जीव खाऊन धावली आणि उडाली. उडी लांब गेली, पण वाळूत पडायच्या आधीच तिला कळलं होतं. अंगठ्याखाली माती दबली होती. बोटभरच, पण दबली होती.

तिने मागे पाहिलं. काकू पट्टीवर वाकल्या होत्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग उठल्या आणि झेंडा वर केला. पांढरा. कुणी जवळ यायच्या आत त्यांनी माती सपाट करायची सुरी फिरवून ठसा मिटवला.

नाकतोडी पहिली! लोक उभे राहिले. हसऱ्या पोरीने धावत येऊन मिठी मारली, ‘‘ताई, काय उडी होती!’’ नाकतोडीला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीने पोटात घ्यावं.

काकू नळावर हात धूत होत्या. तिने त्यांना तिथे गाठलं.

‘‘काकू, माझा पाय मातीवर पडला होता.’’

‘‘दिसला मला. आंधळी आहे का मी?’’

‘‘मग पांढरा का?’’

काकूंनी नळ बंद केला. ‘‘लाल दाखवला असता तर लोक काय म्हणाले असते? सवतीवर सूड उगवला! बाद उडीला बाद म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस तू मला. सगळे माझ्या हाताकडे टक लावून बसले होते गं. हात लालकडे जाईचना.’’

‘‘मी जाते. मुख्य पंचांना सांगते, उडी बाद होती म्हणून.’’

‘‘वा! म्हणजे तू सत्याची पुतळी आणि मी खोटारडी. नवरा गेला तेव्हा लोकांनी कीव केली, ती सोसली मी. आता नजरही गेली म्हणतील. एवढं एकच उरलं होतं माझं.’’

‘माफ करा’ हे शब्द नाकतोडीच्या ओठांवर आले, पण इतक्या मोठ्या घावावर एवढीशी फुंकर मारायची तिलाच लाज वाटली. बोलावं तर काकूंचं नाव जातं. गप्प बसावं तर त्या पोरीची जागा जाते. आपण एकदाच घाण केली, आणि अजून दुसऱ्यांनाच ती निस्तरावी लागतेय!

ती मुख्य पंचांच्या टेबलापाशी गेली.

‘‘अभिनंदन!’’ ते म्हणाले.

‘‘साहेब, माझं नाव काढा. पाय गेला माझा. शेवटच्या उडीत काहीतरी तुटलं.’’

‘‘अगं, डॉक्टरांना तरी बघू दे!’’

‘‘कळतं मला. नाही जमणार आता. दुसरी आलीय तिला पाठवा.’’

त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, ती मान हलवत राहिली. शेवटी त्यांनी हसऱ्या पोरीला हाक मारली. ‘‘बघा, आली तशी चालली. नुसते नखरे!’’ मागून एक पत्रकार म्हणाला. नाकतोडी लंगडत मैदानाबाहेर निघाली.

समोरून काकू आल्या. मागचं सगळं त्यांच्या कानावर पडलं असणार. त्या थांबल्या. तिच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं ते पायांकडे.

‘‘डाव्याने लंगड,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘उडी डाव्याने मारतेस तू.’’

आणि पुढे निघून गेल्या. नाकतोडीने पाय बदलला.