खिडकीखालचा बर्च

खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात पडलेल्या वेल्टाने नवऱ्याकडे एकच मागणं केलं. "यंदा बर्चचा रस चुकणार माझा. ग्लासभर मिळाला तर बघ."

"बघतो," इमांत्स म्हणाला.

दर वसंतात ज्याच्या खोडाला भोक पाडून ते प्यायचा गोडसर रस काढत, तो त्यांचा मोठा बर्च हिवाळ्यातल्या वादळात उन्मळून पडला होता. रस काढण्याजोगे बर्च उरले होते ते कुंपणापलीकडे, ओस्कार्सच्या आवारात. ओस्कार्स इमांत्सचा सख्खा थोरला भाऊ. वडिलांचं अकॉर्डियन कुणाकडे राहायचं यावरून चार वर्षांपूर्वी दोघांचं फाटलं, ते फाटलंच.

इमांत्सच्या अंगणात आणखी एक बर्च होता, पण तो शोभेचा. खिडकीखाली छत्रीसारखा झुकलेला, जेमतेम छातीइतका उंच. वेल्टाने तो अकरा वर्षं जपून वाढवला होता. छाटणी ती स्वतः करी, तीही ऑगस्टातच. वसंतात रस चढत असताना त्याला कुणाला कात्री लावू देत नसे. मनगटाएवढ्या खोडाला भोक पाडायचं नसतं, हे लात्वियातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. इमांत्सलाही ठाऊक होतं. तरी त्याने गिरमिट आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरणीत ग्लासभर रस जमला. भोकात त्याने लाकडी खुंटी ठोकली, वर मेण थापलं. खुंटीच्या कडेने थेंब गळतच राहिले.

वेल्टा अर्धा ग्लास प्याली, उरलेला शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिला. "घ्या, आमच्या म्हाताऱ्याने आणलाय." मग तिने विचारलं, "कुणाच्या झाडाचा रे?"

"ओस्कार्सच्या."

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे बोललात! तुम्हा दोन बैलांना एका गोठ्यात आणायला माझा खुबा मोडावा लागला होय!"

इमांत्सने नुसती मान डोलावली.

मे महिन्यात ती कुबड्या टेकत घरी आली. गावातले सगळे बर्च हिरवे झाले होते. तिचा मात्र कोरड्या कळ्या घेऊन उभा होता. तिने सालीवरून बोट फिरवलं. ते खुंटीवर अडलं.

"हे काय?"

त्याने सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "साधं पाणी आणलं असतंस तरी प्याले असते मी," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात फाटक करकरलं. ओस्कार्स आला होता, तीन लिटरची बरणी छातीशी धरून. बर्चचा आंबवलेला रस, तळाशी आंबवणासाठी घातलेले, फुगलेले मनुके. भावाकडे न बघता तो वेल्टाला म्हणाला, "तुझ्या वाटणीचा. एप्रिलपासून तळघरात ठेवलाय. म्हटलं, हा मागायला येईल. फाटकाला कडीसुद्धा लावली नाही."

मग त्याची नजर झाडाकडे गेली.

"अरेरे! कुणी मारला हा?"



"मी," इमांत्स म्हणाला. चार वर्षांत भावाशी बोललेला तो त्याचा पहिला शब्द.