लोखंडाचा तीळ

"बाबा, मी हलले नाही. नुसतं नाक खाजवलं."

"नाक हातानंच खाजवलंस ना? मग हात हलला. चल, पुन्हा पहिल्यापासून."

नळीच्या आतून एक लांबलचक सुस्कारा आला. पत्रेवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, डाव्या हाताने नळीबाहेर आलेल्या चिमुकल्या पायाचा अंगठा पकडला आणि उजव्या हाताने लाकडी हातोडा उचलला. ठक ठक ठक ठक. मग जरा थांबून भराभर, मग पत्र्याच्या कडेवर खरखर घासत. शेजाऱ्यांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी कशासाठी चाललंय ते कळलं, तेव्हा भांडायला आलेली बाई दारातूनच परत गेली.

नळी त्याने स्वतः वळली होती. मोठ्या इमारतींत गार हवा खेळवायला पत्र्याचे बोगदे लागतात, ते बनवणाऱ्या कारखान्यात तो एकवीस वर्षं होता. या नळीचा सांधा चुकला होता म्हणून मालकाने ती बाजूला टाकली होती. "चार दिवस घरी नेऊ का?" असं याने विचारलं. कशाला, ते ऐकल्यावर मालक लगेच तयार झाला. टेम्पो दिला आणि एवढंच म्हणाला, "शनिवारी आण. तिच्यातून बोगद्याच्या वळणाचे कोपरे कापायचेत." तेव्हापासून बाहेरची खोली नळीने अडवली होती आणि स्वयंपाकघरात जायचं तर भिंतीला पाठ घासत जावं लागत होतं.

आत झोपली होती ती त्याची सात वर्षांची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण जन्मल्यापासून तिचं बूड एका जागी टेकलं नव्हतं. जेवतानासुद्धा घास तोंडात आणि पाय दारात. ही भिंगरी दोन महिन्यांपासून सकाळी उठली की उलटी करत होती, डोकं दुखतं म्हणत होती आणि चालताना डावीकडे झुकत होती. दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटे. आधी आईबाप ओरडले, "नीट बघून चाल." आता ते ओरडणं दोघांनाही खात होतं. डॉक्टरांनी तिला एका रेषेवरून चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि फार न बोलता कागदावर लिहिलं: डोक्याचं एमआरआय. भूल देऊन करायचं तर तीन आठवड्यांनंतरची तारीख होती. "तीन आठवडे थांबू नका," डॉक्टर म्हणाले. का, ते विचारायची छाती पत्रेवाल्याला झाली नाही.

म्हणजे भिंगरीने जागेपणी चाळीस मिनिटं निपचित पडून राहायचं. ती हलली तर फोटो पुसट येणार, आणि मग ते तीन आठवडे.

दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला समजावून सांगितलं होतं. "घरी सराव करून घ्या. आणि खोटं काही सांगू नका. दुखत नाही असं सांगा, कारण ते खरं आहे. आवाज होत नाही असं मात्र सांगू नका. होतो, आणि भलताच होतो. पोर एकदा फसलं की परत तुमच्या शब्दावर आत जाणार नाही. तुमच्यापैकी एकाला पायाशी बसता येईल."

तो एक म्हणजे बाप, हे न बोलताच ठरलं. भिंगरीची आई लिफ्टला घाबरून चार मजले चढणारी. भिंगरीला सुई टोचली की चक्कर हिला यायची. सरावाच्या पहिल्या दिवशी नवरा गमतीत म्हणाला, "तूच जाऊन बघ की आधी." ती नळीत शिरली आणि दहा आकडे मोजायच्या आत कोपर सोलून घेऊन बाहेर आली. त्यावर तो आणि भिंगरी पोट धरून हसले होते. त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राही, तोंडावर पदर दाबून.

"मी पूर्ण वेळ तुझा अंगठा धरणार," त्याने भिंगरीला सांगितलं होतं. "सोडणार नाही. शब्द."

चौथ्या दिवशी भिंगरी एक्केचाळीस मिनिटं हलली नाही. पाय ओढून तिला बाहेर काढली तर पोरगी झोपलेली. त्याने हातोडा खाली ठेवला आणि बराच वेळ तिच्या छातीकडे पाहत राहिला, श्वास चाललाय ना म्हणून.

दवाखान्यात आत बसणाऱ्यालाही फॉर्म भरायचा होता. पत्रेवाला बाकावर बसून एकेका प्रश्नापुढे 'नाही' लिहीत गेला. हृदयाचं यंत्र? नाही. हाडात सळई? नाही. कानात मशीन? नाही. आठव्या प्रश्नाशी त्याचं पेन अडलं. डोळ्यात कधी धातूचा कण गेला आहे का?

गेला होता. अकरा वर्षांपूर्वी ग्राइंडरची ठिणगी उडाली होती. डोळ्याच्या डॉक्टरांनी काढायचं तेवढं काढलं आणि म्हणाले, एक बारीक कण खोल गेलाय, तो त्रास देत नाही तोवर आपणही त्याला त्रास द्यायचा नाही. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यात एक तपकिरी ठिपका राहिला. भिंगरी लहान असताना त्याच्या मांडीवर उभी राहून तो शोधायची. तिने त्याला नावही दिलं होतं, लोखंडाचा तीळ.

हा प्रश्न इथे का विचारलाय, हे लोखंडात आयुष्य घातलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. अकरा वर्षं जो कण हलला नाही, तो आज चाळीस मिनिटांतच कशाला हलेल? आणि हललाच, तर डोळे दोन आहेत. पोरगी एक आहे. त्याने 'नाही' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

मशीन चालवणारा माणूस तरुण होता, हसरा. भिंगरीला त्याने मशीनचं चित्र दाखवलं, तिनेच उलट त्याला आवाजांची नक्कल करून दाखवली. "अरे, तुला तर सगळंच येतं!" तो म्हणाला आणि फॉर्म वाचता वाचता पत्रेवाल्याकडे वळला. "काम काय करता काका?"

"पत्र्याचं."

"ग्राइंडर वापरता?"

"कधीकधी."

"डोळ्यात कधी काही उडालं?"

"नाही साहेब," पत्रेवाला फरशीकडे बघत म्हणाला.

"असं काय बाबा, उडालंय की!" भिंगरी टुणकन उठली. "लोखंडाचा तीळ! बाबा, वर बघा ना. वर बघा, मी दाखवते त्यांना." तिने बापाच्या डोळ्याखालची कातडी ओढली आणि बोट ठेवून दाखवलं. "हा बघा. अस्सल लोखंडाचा आहे."

तरुणाचं हसू मावळलं. तो खुर्ची ओढून बसला.

"काका, आत चुंबक आहे. तुमच्या डोळ्यातला कण तो ओढणार. डोळा जाऊ शकतो तुमचा."

"जाऊ दे साहेब. मी लिहून देतो."

"जाऊ दे काय? आणि ते होणार कुठे? हिच्या पायाशी. तुम्ही ओरडणार, ही घाबरून उठणार. चालेल?"

पत्रेवाल्याने भिंगरीकडे पाहिलं. तरुणाने आवाज खाली आणला. "मला नाही सोडता येणार तुम्हाला. ती एकटी राहत असेल तर बघू. नाहीतर भूल देऊन करू. तीन आठवडे लागतील."

भिंगरी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "बाबा येणार नाहीत? मी सांगितलं म्हणून?"

"नाही गं." तो तिच्यापुढे उकिडवा बसला. कान तापले होते त्याचे. "तू खरं तेच बोललीस. खोटं मी बोललो. मला तुझ्याजवळ बसायचं होतं, म्हणून बोललो."

"मग मी पण नाही जाणार."

"अगं, चाळीस मिनिटं. घरी एक्केचाळीस केलीस की!"

"घरी तुम्ही अंगठा धरला होता." तिने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, अंगाचं मुटकुळं केलं आणि रडायला लागली. बाहेर पुढचा रुग्ण येऊन बसला होता. तरुणाने घड्याळ पाहिलं, मग तारखांचं रजिस्टर पुढे ओढलं. चार दिवसांची ठोकाठोक पाण्यात गेली, आणि ती आपण दिलेल्या एका शब्दापायी, असं पत्रेवाल्याला वाटलं. तीन आठवडे. थांबू नका म्हणाले होते.

"या पिना लोखंडाच्या असतात का हो?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. भिंगरीची आई बाहेरच्या बाकावरून उठून दारात येऊन उभी होती. अंबाड्यातून एकेक पिन काढत होती आणि दोन पिना हातातून निसटून खाली पडल्या होत्या.

"काकू, तुम्हाला बंद जागेची भीती वाटते का?" तरुणाने विचारलं.

"वाटते. पण मला कुठे त्यात झोपायचंय? झोपणार ही." तिने कानातलं काढलं, पिना गोळा केल्या आणि सगळं नवऱ्याच्या हातावर ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. भिंगरीजवळ जाऊन म्हणाली, "अंगठा मी धरते. पण एक सांगते, मी घाबरट आहे. ठाऊक आहे ना तुला? तू हललीस तर मी पळत सुटेन. तेव्हा मला सांभाळायचं काम तुझं."

भिंगरीने नाक पुसलं. "तू ओरडशील."

"ओरडले तरी त्या आवाजात कुणाला ऐकू जातंय?"

भिंगरी हुंदक्यातच फिसकन हसली. मग आईकडे जरा वेळ टक लावून पाहिलं आणि पाय खाली सोडले.

आईने स्वतःचा फॉर्म भरला आणि जाड दार बंद झालं. वर लाल दिवा लागला. पत्रेवाला बाहेरच्या बाकावर बसला, मुठीत बायकोच्या पिना आणि कानातलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. ठक ठक ठक ठक, मग भराभर, मग खरखर. तो कान देऊन ऐकत होता. दार उघडून बायको बाहेर धावत येईल, असं त्याला प्रत्येक क्षणी वाटत होतं. दार उघडलं नाही.

मध्येच आवाज थांबला. शेजारच्या खोलीच्या दाराला एक काचेची पट्टी होती. तिच्यातून त्याला तो तरुण दिसला, पडद्यापुढे वाकलेला. त्याने फोन उचलला. दोन मिनिटांत एक डॉक्टरबाई आल्या आणि उभ्यानेच पडद्याकडे पाहू लागल्या. आधी जवळून, मग मागे सरून. चुकलेल्या सांध्याकडे मालक असाच बघायचा. आधी जवळून, मग लांबून, आणि मग काहीच बोलायचा नाही. पत्रेवाला उठून काचेपाशी गेला. आवाज पुन्हा सुरू झाला तरी तो काचेपासून हलला नाही.

चाळीस मिनिटांची पंचावन्न झाली, तेव्हा दार उघडलं. भिंगरीच्या कपाळावर डोकं धरून ठेवणाऱ्या जाळीचा लाल वळ होता. तिच्या मागून आई आली, केस मोकळे, पाठ घामाने भिजलेली, खालचा ओठ चावून सुजलेला.

"एकदाही हलली नाही," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

"फोटो स्वच्छ आलेत," तरुण म्हणाला. हे तो हातातल्या कागदाकडे बघून म्हणाला. "उद्या अकराला डॉक्टरांना भेटा."

"साहेब, काही दिसलं का?"

"ते डॉक्टर सांगतील, काका. दोघंही या. एकटे येऊ नका."

तो आत गेला. भिंगरी बापाच्या गुडघ्याला टेकली. "बाबा, त्या मशीनला ठोकताच येत नाही. ताल धरतं आणि मध्येच थांबतं. तुम्ही चांगलं ठोकता."

"हो?" तो म्हणाला. बायको मोकळे केस गोळा करू पाहत होती, पण बोटं तिला दाद देईनात. तो तिच्या मागे गेला, केसांचा पीळ कसाबसा धरला आणि एकेक पिन खोचू लागला. एकवीस वर्षं पत्रा वळवलेल्या त्या बोटांना हे काम अवघड गेलं. येणारेजाणारे बघत होते. दोन पिना वाकड्या बसल्या. ती मान खाली घालून बसून राहिली.

"पोरीसमोर तुला घाबरट ठरवून हसलो मी," तो हळूच म्हणाला.

"आहेच मी," ती म्हणाली. "पुढची पिन खोचा."

"बाबा, झालं ना आता सगळं?" भिंगरीने विचारलं. "पुन्हा नाही ना यायचं?"

आईची मान वर झाली. पत्रेवाल्याच्या ओठांवर 'नाही गं, झालं' आलंच होतं. ते त्याने गिळलं.

"माहीत नाही गं मला."

भिंगरीने जरा विचार केला. "मग शनिवारी नळी परत द्यायची?"

"नको. मालकाला सांगतो मी. राहू दे अजून थोडे दिवस."

तिने मान डोलावली आणि कशाला, असं विचारलं नाही. आईने तिचा उजवा हात धरला आणि तिघं लांबलचक व्हरांड्यातून बाहेर निघाली. चार पावलांवर भिंगरीचा तोल गेला, तशी ती भिंतीकडे झुकली. पत्रेवाला मागून येऊन तिच्या डाव्या बाजूने चालू लागला.