सतरा नंबरचं चित्र

अकोल्याच्या प्रदर्शनात चित्रं तपासायला देवीदास मास्तर अमरावतीहून निघाला, तेव्हा पिशवीत धोतराच्या घडीत त्यानं गुणांचा तक्ता जपून ठेवला होता. तक्ता त्यानंच आखलेला. प्रमाण, पर्स्पेक्टिव्ह, छाया-प्रकाश, नीटनेटकेपणा. प्रत्येकाला पंचवीस गुण. अंजनगावच्या पानमळ्यातला हा माळ्याचा पोरगा ड्रॉइंगच्या परीक्षा देत देत हायस्कुलात मास्तर झाला होता, आणि इथवर आला होता तो नियमांचं बोट धरून. मोठ्या माणसांची त्याला लहानपणापासून धास्ती. साहेब, वकील, देशमुख, कुणीही जरा चढ्या आवाजात बोललं की त्याच्या तळहातांना घाम सुटे. पण पट्टी लावून रेघ वाकडी दाखवली, तर साहेबालाही ती सरळ म्हणता येत नाही. तेवढ्या एका गोष्टीच्या आधारानं तो ताठ चालत असे.

सन एकोणीसशे सव्वीसचा माघ महिना होता. मांडवात एकीकडे कोबीचे गड्डे, कापसाचे नमुने, लोखंडी नांगर. दुसरीकडे कनात लावून स्त्रियांचं कलाकौशल्य. तिथं भरतकामाशेजारी बावीस चित्रं टांगली होती. चित्रांवर फक्त नंबर. नावं कमिटीच्या वहीत. दुसरे परीक्षक केशवराव वकील दुपारचं जेवण करून येणार होते, म्हणून देवीदासनं एकट्यानंच सुरुवात केली. मोर झाले, कमळं झाली, राधाकृष्ण झाले. मग तो सतराव्या चित्रापुढं आला आणि नकळत एक पाऊल मागं सरला.

मांजरपाटाच्या तुकड्यावर काजळ, गेरू आणि नीळ. वर आभाळाचा एक वेडावाकडा तुकडा, अंड्यासारखा एका अंगाला ओढलेला. भोवती काळे दगड. त्या तुकड्यातून दोन हात खाली आलेले, सुपाएवढाले, तळवे उघडे. आणि त्या हातांच्या मागं, पार मागं, कवठाएवढं एका माणसाचं तोंड. झुबकेदार मिशा, उजव्या भुवईत एक खाच. तोंडावर राग नव्हता. बादली भरली की नाही हे वाकून बघावं, तसं ते तोंड खाली बघत होतं.

देवीदासच्या मानेवर काटा आला. आपण कुठंतरी खाली आहोत आणि वर जायला वाट नाही, असं त्याला वाटलं. त्यानं पट्टी काढली. हात तोंडाच्या पाचपट: प्रमाणाला सहा. भोवतीचे दगड विहिरीचे, पण काठ गोल नाही, लंबगोलही नाही: पर्स्पेक्टिव्हला पाच. आकडे मांडताना त्याला धीर आला. सगळे मिळून चौतीस. तो अठराव्याकडं वळला, पण त्या चित्राकडं पाठ करून उभं राहणं त्याला जमेना.

तेवढ्यात कनात वर करून कमिटीचा कारकून एका गृहस्थाला घेऊन आला. "हे महादेवराव. तेल्हाऱ्याकडचे. आपल्या विभागाचं चांदीचं पदक यांच्याकडून आहे."

देवीदास नमस्काराला वाकला, सरळ झाला, आणि त्याचे हात तसेच जोडलेले राहिले. झुबकेदार मिशा. उजव्या भुवईत खाच.

महादेवराव एकेक चित्र बघत आले. सतराव्यापुढं बराच वेळ थांबले. "कोनं काढलं हे?"

"नावं आम्हाला देत नाहीत," देवीदास म्हणाला.

"वाईट हाये," महादेवराव शांतपणे म्हणाले. "मानसाचे हात असे असतात काय, मास्तर? तुमी शिकलेले. तुमीच सांगा."

"प्रमाण चुकलं आहे," देवीदास म्हणाला. तेच तर त्यानं तक्त्यात लिहिलं होतं. पण आपलं मत आणि या माणसाचं मत अक्षरशः एक आहे, हे कळताच त्याला आपलेच आकडे नकोसे वाटले.

"तसंच लिवा मंग." महादेवरावांनी कारकुनाला पानसुपारी आणायला पाठवलं. मग घरच्यासारखं विचारलं, "तुमी अंजनगावचे नं? तुमच्या बापाच्या पानमळ्याले आमच्या साडूच्या विहिरीचं पानी जाते म्हनतात. पानवेलीचं मोठं नाजूक काम. चार दिवस पानी नाई भेटलं तं सपलं."

एवढं बोलून ते गेले. देवीदास बाकावर बसला.

केशवराव वकील आले ते ढेकर देतच. देवीदासनं त्यांना सतरावं चित्र दाखवलं आणि कुजबुजत म्हणाला, "हा चेहरा महादेवरावांचा आहे."

केशवरावांनी चष्मा चढवला, बघितलं आणि लगेच उतरवला. "हे पहा मास्तर, कलेत चांगलं-वाईट असं काही नसतंच. ज्याची त्याची आवड. तुम्हाला एक दिसेल, मला दुसरं. सतराव्यापुढं नुसती रेघ मारा. आपण कुणालाच चूक म्हणायला नको."

देवीदासला एकदम हलकं वाटलं. आवडच असेल तर कोण खोटा आणि कोण खरा? महादेवरावही बरोबर, काढणारीही बरोबर, आणि आपण सुखरूप. चूक रेघ आणि बरोबर रेघ यांत फरकच नाही असं म्हटलं की भ्यायचं कारण उरत नाही. तो तसा बाहेर पडला खरा, पण मांडवाच्या दाराशी पोचेपर्यंत त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. अठरा वर्षं पोरांना तो शिकवत आला होता ते मग काय होतं?

दाराशी एक माळी त्याची वाट बघत उभा होता. नाव नत्थुजी, कोबीच्या विभागात त्याचा गड्डा पहिला आला होता. "मास्तर, सतरा नंबर पायला काय? माह्या बहिनीचं हाये. सुभद्राचं."

नियमाप्रमाणं देवीदासनं तिथून निघून जायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं विचारलं, "घर कुठं आहे?"

नत्थुजीचा मळा मोर्णा नदीच्या काठी होता. सुभद्रा वांग्यांच्या वाफ्यात खुरपत होती. तिशीची, किरकोळ अंगाची, कपाळ मोकळं. उठून तिनं पदर नीट केला, पण नजर खाली घातली नाही.

"एवढे मोठे हात का काढलेस, बाई?" देवीदासनं विचारलं.

"मले तेवढेच दिसत होते," ती म्हणाली. "हात पैले. तोंड मंग."

मग तिनं सांगितलं. नवरा वारला तेव्हा त्याच्या वाटणीचं दहा एकर काळं रान तिच्या नावावर आलं. महादेवराव तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. एका दिवेलागणीला ती विहिरीवर गेली असता मागून धक्का बसला. काठाखाली हातभर अंतरावर उंबराची मुळी होती, तिला ती लोंबकळली. "मंग थे हात आले. पानी छातीइतकंच होतं, म्हून वाचलो. सकाळी मोटवाल्यायनं काढलं. जेठ सगळ्यायले सांगे, इनं उडी घेतली, मी तं वर ओढून राहिलो होतो. लोकायले थेच पटलं, अन् रान जेठाच्याच ताब्यात राहिलं. मले लिवता येत नाई. म्हून काढलं."

देवीदास मळ्यातल्या विहिरीकडं बघत राहिला. त्याला खूप भीती वाटत होती, आणि काय करायला हवं हेही कळत होतं. त्यानं टोपी काढून नत्थुजीकडं दिली.

विहिरीला खाली उतरायला दगडी टेके होते. दोन टेके उतरून, भिंतीला चिकटून, त्यानं एका कपारीत बोटं रुतवली. खाली पाणी हिरवंगार होतं. "नत्थुजी, वाका. मला वर ओढायला हात द्या."

वर आभाळाचा तुकडा दिसला. तो गोल नव्हता. लंबगोलही नव्हता. अंड्यासारखा, एका अंगाला ओढलेला. त्यातून नत्थुजी वाकला आणि त्याचे हात खाली आले. सुपाएवढाले. त्यांच्या मागं कवठाएवढं तोंड. पण बोटं वाकलेली होती, आकड्यासारखी, आणि तळवे वरच्या बाजूला वळलेले.

"आता," देवीदास म्हणाला, "आता मला खाली लोटायचं आहे असं करा. लोटू नका. नुसतं करा."

नत्थुजी थबकला. मग त्यानं हात पुढं केले. बोटं ताठ झाली. दोन्ही तळवे उघडे, सपाट, देवीदासच्या तोंडावर आले. हुबेहूब ते चित्र होतं. देवीदासनं डोळे मिटले. कपारीतली बोटं सुटतील असं त्याला वाटलं, आणि तो जोरात ओरडला. नत्थुजीनं त्याला मनगटाला धरून वर घेतलं तेव्हा तो बराच वेळ मातीवर पालथा पडून होता. सुभद्रानं पाण्याचा गडवा आणून शेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढं त्यानं तक्ता ठेवला. सतराव्यापुढचे जुने आकडे खोडलेले होते. प्रमाण पंचवीस. पर्स्पेक्टिव्ह पंचवीस. खाली शेरा: 'चित्र विहिरीच्या आतून, काठाखाली हातभर अंतरावरून पाहिलेले आहे. मी त्या जागेवरून पडताळले. हात ओढणाऱ्याचे नसून लोटणाऱ्याचे आहेत, आणि तसेच अचूक उतरले आहेत. बावीस चित्रांत हे सर्वांत चांगले.'

केशवरावांनी शेरा दोनदा वाचला. "हे मत झालं, मास्तर."

"नाही," देवीदास म्हणाला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "तुम्हीही उतरून बघा. कुणीही उतरून बघावं. तसंच दिसतं."

केशवरावांनी सही केली नाही. दुपारी महादेवरावांनी पदक परत मागवलं आणि 'अपरिहार्य कारणास्तव' सतरा नंबर भिंतीवरून उतरला. पण तोवर देवीदासनं शेरा चित्राखाली टाचलेला होता, आणि तेल्हाऱ्याकडून कापूस घेऊन आलेले शंभरएक गाडीवान चित्रातलं तोंड ओळखून तो कुणाकडून तरी वाचून घेऊन गेले होते.

निघण्याआधी देवीदासनं शेऱ्याची नक्कल सुभद्राला दिली. "वाचून दाखवा," ती म्हणाली. त्यानं वाचलं, आणि गुण कशाकशाला असतात तेही सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "नीटनेटकेपनाले किती?"

"नऊ."

"बराबर हाये," ती म्हणाली. "काजळ पसरलं होतं माह्यानं."

स्टेशनापर्यंत नत्थुजी सोबतीला आला, कारण एकट्यानं जायला देवीदास धजेना. गाडी बडनेऱ्याला पोचेपर्यंत दर स्टेशनावर तो डब्यात चढणाऱ्यांची तोंडं बघत होता.

खटला झाला नाही. पण तेल्हाऱ्याच्या बाजारात लोक महादेवरावांशी बोलताना त्यांच्या हातांकडं बघू लागले. ते उपरण्यात हात घालून हिंडू लागले, मग बाजाराला जाणंच त्यांनी सोडलं. चैत्रात त्यांनी माणूस पाठवून सुभद्राच्या रानाचा ताबा दिला. अंजनगावला मात्र पानमळ्याचं पाणी तीन आठवडे बंद राहिलं. देवीदास सुट्टी घेऊन गेला तेव्हा एका बाजूच्या वेली करपून गेल्या होत्या आणि म्हातारा बाप लांबच्या नाल्यावरून कावडीनं पाणी आणत होता. देवीदासनं सगळं सांगितलं. बापानं खांद्यावरची कावड उतरवली नाही.

"चित्र खरंच चांगलं होतं?"

"हो, बाबा."

"भेलास काय?"

"अजून भेतो."

म्हाताऱ्यानं मग कावड उतरवून एक घागर त्याच्या हातात दिली. दोघं वेलींच्या ओळीत शिरले.