सख्ख्या काकांची हरकत

सकाळी सव्वाअकराला परवाना कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर सुनावणी सुरू झाली. स्टेशन ते इस्पितळ या मार्गावर दुसरी प्रवासी व्हॅन चालवू द्यावी, असा एका बाईचा अर्ज होता. अर्जावर एकच हरकत आली होती. ती तिच्या सख्ख्या काकांची होती.

अर्जदार चार भावंडांत धाकटी. तिला घरीदारी सगळे बारकी म्हणतात. या मार्गावर आजवर एकच परवाना आहे आणि तो काकांचा. बारकी गेली काही वर्षं त्यांचीच गाडी दिवसाआड चालवते. मागच्या वर्षी तिने स्वतःसाठी एक जुनी व्हॅन घेतली. ती काकांच्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे.

काकांना स्टँडवर सगळे ‘मोकळीक’ म्हणतात. दुकानं किती वाजता बंद व्हावीत, घरभाडं किती असावं, शाळेने फी किती घ्यावी, कशावरही त्यांचं उत्तर एकच असतं. मोकळीक द्या, सरकारने बाजूला व्हावं, लोक आपापसांत बघून घेतील. बारकी शाळेत असल्यापासून पुढच्या सीटवर बसून हे ऐकत आलेली. हरकतीच्या कागदावर काकांचं नाव वाचलं गेलं तेव्हा तिने आधी कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे. काका खिडकीबाहेर बघत होते.

नियम थोडक्यात असा. ठरलेल्या मार्गावर नवा परवाना हवा असेल, तर आधीची सेवा अपुरी पडते हे मागणाऱ्याने सिद्ध करायचं. आधीच्या परवानाधारकाला हरकत घेता येते. अर्ज फेटाळला गेला, तर दोन वर्षं पुन्हा करता येत नाही. तसं झालं असतं तर बारकीला व्हॅन विकावी लागणार होती. गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं आणि शनिवारपर्यंत थांबायला तयार होतं.

सुनावणीची खोली लहान होती. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याचे ग्लास ठेवले होते. कोणी पाणी प्यायला लागलं की शेजारचा कागद धरून बसायचा.

“सध्याच्या गाडीत जागा मिळाली नाही, असे प्रवासी किती?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“काकांची शेवटची गाडी आठची,” बारकी म्हणाली. “दुपारपाळीच्या सिस्टर सुटतात दहाला. त्या स्टेशनपर्यंत चालत जातात, नाहीतर कोणाच्या तरी मागे बसून.”

“म्हणजे त्या गाडीला आल्याच नाहीत.”

“गाडीच नाही, तर येणार कशा?”

“मग त्यांना जागा मिळाली नाही, असं मी कसं लिहू? आणि गाडी असली तर त्या येतील, हे तुम्हाला कशावरून माहीत?”

“माहीत नाही, मॅडम. एखाद्या दिवशी चार येतील, एखाद्या दिवशी कोणीच नाही. गाडी लावून बघितल्याशिवाय कळायचं नाही. दुकान उघडायच्या आधी गिऱ्हाईक मोजून दाखवा म्हटलं, तर जगात एक दुकान उघडलं नसतं.”

अधिकारी बाईंचं पेन थांबलं. “हे वकिलांनी सांगितलं का?”

“नाही. काकांनी.”

मागच्या बाकावर हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज काकूंचा होता.

मग काका उठले. गुडघ्यामुळे त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला आणि एक ग्लास हलला.

“खोटं बोलणार नाही. दुसरी गाडी आली तर प्रवाशांचं भलं होईल.”

“मग हरकत कशाला?”

“माझं होणार नाही म्हणून.” काकांनी बोटं मोजायला घेतली आणि मोजता मोजता सोडून दिली. “मॅडम, भाडं तुम्ही ठरवणार. वेळा तुम्ही ठरवणार. गाडीत माणसं किती, गाडीचा रंग कुठला, तेही तुम्हीच. डिझेल महागलं म्हणून मी भाडं वाढवू शकत नाही, आणि रिकामी धावते म्हणून कमीही करू शकत नाही. हे सगळं सोसायच्या बदल्यात तुम्ही मला एकच गोष्ट दिलीत, की दुसरा कोणी येणार नाही. आता तेवढीच काढून घेताय. काढायचं तर सगळं काढा. मी हरकत आत्ताच्या आत्ता मागे घेतो.”

“भाडं माझ्या हातात नाही. ते तिसऱ्या मजल्यावर.”

“आणि वेळा?”

“त्या शेजारच्या इमारतीत.”

“बघा. मला बांधायला तीन जण, आणि सोडायचं म्हटलं की एकाच्याही हातात नाही.”

अधिकारी बाईंनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

जिन्याच्या वळणावर चहाचं यंत्र आहे. तिथे तिघं उभी राहिली. पहिल्यांदा बोलल्या त्या काकू.

“अहो, जन्मभर जगाला मोकळीक वाटत फिरलात. घरच्या पोरीची वेळ आली तेव्हा बरी कुलपाची आठवण झाली!”

“कुलूप मी लावलेलं नाही. ते आधीपासून होतं.”

“पण किल्ली तुमच्याकडे आहे ना, काका?” बारकी म्हणाली. “आणि किल्लीवाले कधी कुलूप काढत नाहीत, हे मला कोणी शिकवलं?”

काकांनी चहात फुंकर घातली. चहा आधीच कोमट होता.

“घरी तरी सांगायचंत,” ती म्हणाली. “इथे चारचौघांत तोंडघशी पडले.”

“घरी सांगितलं असतं तर तू अर्ज केला असतास?”

“नसता केला.”

“म्हणून नाही सांगितलं.”

“म्हणजे मी अर्ज करावा असंही तुम्हाला वाटत होतं, आणि तो मंजूर होऊ नये असंही?”

“दोन्ही वाटत होतं. एका माणसाला दोन गोष्टी वाटू शकतात. त्याला अजून परवाना लागत नाही.”

काकू हसल्या नाहीत. काका मग गुडघ्याकडे बघत बोलले. “हा गुडघा आणखी किती दिवस क्लच दाबेल, माहीत नाही. परवाना विकायचा आणि घरी बसायचं, असं ठरवलंय. तुझ्या काकूला माहीत आहे. आता मला सांग, त्या कागदाला भाव कशामुळे आहे?”

“दुसऱ्याला मिळत नाही म्हणून.”

“बरोबर. उद्या तुला मिळाला, परवा आणखी कोणाला मिळाला, की माझा कागद रद्दीत. इतरांची उदाहरणं देताना मी हे फार छान समजावून सांगायचो.”

“तुम्हाला मी गाडीत घेतलं असतं की,” बारकी म्हणाली. “माझ्या गाडीत. भागीदार म्हणून.”

“ते मी मागितलं नव्हतं आणि तू सांगितलं नव्हतंस. तू तरी घरी कुठे बोललीस?”

काकांनी कप कचऱ्याच्या डब्यात टाकला, समोरून जाणाऱ्या कारकुनाकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहायला लागले. हरकत मागे घेतात, असं काकूंना वाटलं. त्यांनी बारकीचा दंड हलकेच दाबला.

सुट्टीनंतर अधिकारी बाईंनी तो कागद वाचला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. त्यात हरकत मागे घेतल्याचं कुठेच नव्हतं. नव्या गाडीची गरज आहे का हे ज्या कसोटीवर तपासता, त्याच कसोटीवर माझ्याही परवान्याची गरज तपासावी, अशी काकांची विनंती होती.

“तुमचा परवाना तर जुना आहे.”

“जुना आहे, पण तपासलेला नाही. मी मागितला तेव्हा या मार्गावर कोणीच नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायलाही कोणी नव्हतं. गरज आहे का, असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. गाडी लावली, लोक बसायला लागले.”

“लोक बसले, म्हणजे गरज होती.”

“असेल. पण ती आधी दिसली नव्हती ना?”

“मग पुतणीबद्दलची हरकत मागे घेताय का?”

“नाही. ती राहू द्या. आधी माझं बघा.”

“अहो, काय चाललंय तुमचं?” काकू मागून म्हणाल्या. त्यांना शांत राहायला सांगण्यात आलं.

अधिकारी बाईंनी नियमांचं पुस्तक मागवलं. गरज कोणाची तपासायची, तिथे ‘मार्गावर वाहन चालवणारी किंवा चालवू इच्छिणारी कोणतीही व्यक्ती’, असे शब्द होते. जुन्या परवानाधारकाला वगळल्याचं कुठे सापडलं नाही. असा अर्ज पूर्वी कधी आला होता का, असं त्यांनी कारकुनाला विचारलं. दुसऱ्याला तपासा म्हणून पुष्कळ येतात, तो म्हणाला, मला तपासा म्हणून हा पहिलाच.

“मला हे कधी सुचलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. हे त्यांनी नोंदीसाठी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते कामकाजात नाही. त्यांनी मुख्य कार्यालयाचं मत मागवायचं ठरवलं आणि दोन्ही अर्जांवरचा निर्णय राखून ठेवला.

जिना उतरताना काका एकेक पायरी घेत होते आणि बारकीने त्यांची पिशवी धरली होती.

“हे माझ्यासाठी केलंत, की मला लटकवायला?”

“दोन्ही म्हटलं तर रागावशील.”

“रागावलेच आहे. तरी सांगा.”

“मलाही बघायचंय, यातून काय निघतं ते,” काका म्हणाले.

बातमी दुसऱ्या दिवशी स्टँडवर पोहोचली. बाजाराच्या मार्गाचा परवाना एका दाढीवाल्या गृहस्थांकडे आहे. ते काकांचे जुने मित्र आहेत. संध्याकाळी स्टँडच्या बाकावर बसून सरकारला धारेवर धरणाऱ्यांत काकांच्या खालोखाल आवाज त्यांचाच. ते तडक शेडमध्ये आले. काका तिथे स्टुलावर बसले होते आणि बारकी चाक बदलत होती.

“मोकळीक, वेड लागलं का तुला? आज तुझं तपासतील, उद्या माझं तपासतील!”

“परवाना ही गोष्टच नको, असं तू म्हणायचास.”

“म्हणायचो. बाकावर बसून म्हणायचो. अर्ज कुठे केला होता?”

बारकीला हसू आवरेना. दाढीवाले तिच्याकडे वळले. “हस, हस. तुझी गाडी रस्त्यावर आली की तूच पहिली म्हणशील, आता आणखी कोणी नको.”

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. मग चाकाचा नट आवळत थोड्या वेळाने म्हणाली, “निदान आज तरी तसं वाटत नाही.”

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

शुक्रवारी शहरातल्या चार परवानाधारकांनी काकांच्या अर्जाला एकत्र हरकत नोंदवली. पहिली सही दाढीवाल्यांची आहे. त्यामुळे आता क्रम असा लागला आहे: आधी या चौघांची हरकत, मग काकांची तपासणी, आणि त्यानंतर बारकीचा अर्ज. दुपारपाळीच्या दोन सिस्टर कार्यालयात येऊन, आम्ही कुठे सही करायची, असं विचारून गेल्या. प्रवाशांच्या सहीसाठी रकाना नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक शेडमध्ये आलं. बारकीने व्हॅन विकते असं सांगितलं नाही आणि विकत नाही असंही सांगितलं नाही. सोमवारपर्यंतची मुदत मागितली. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण थांबलं.

सोमवारी कार्यालय उघडलं तेव्हा मुख्य कार्यालयाचं मत आलेलं नव्हतं. व्हॅन शेडमध्येच आहे. तिच्यावरची ताडपत्री काढलेली आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला काढली की आणखी कशासाठी, हे काका किंवा बारकी, दोघांपैकी कोणीही सांगितलेलं नाही.