तीनदा दाबलेला सांडपाण्याचा नकाशा

मिनेसोटातल्या टॅमरॅक फॉल्स गावाच्या कचेरीने फायली दाबून लहान करायला झिप हा प्रकार निवडला. पहिल्याच बैठकीत, कॉफी ओतून व्हायच्या आत, एकमताने. पण काम एवढ्या झटपट उरकलं तर कर भरणारे विचारतील, मग बाकीचं वर्ष तुम्ही करता काय? म्हणून ते ठरलंच नाही, असं ठरलं. आपणही तसंच धरून चालू.

आर्लो सुंडक्विस्टला मात्र तसं धरून चालणं जड गेलं. तो कचेरीचा कॉम्प्युटरवाला. शनिवारी वॉलआय मासे धरण्याचा सरकारी हंगाम उघडत होता, आणि त्या पहाटे तळ्यावर नसलेला माणूस एकतर आजारी असतो किंवा मूळचा शेजारच्या आयोवा राज्याचा. आर्लोची होडी गाडीमागे जोडून तयार होती. त्याने रजा मागितली तेव्हा नगर-चिटणीस व्हर्नाबाई हॉगलंड हसून म्हणाल्या, "जा की. मी कशाला अडवू? फायलींचं आमचं आम्ही बघू कसंतरी."

त्या भागात याचा अर्थ 'पाऊल बाहेर टाकून तर बघ' असा होतो. आर्लो जन्मापासून तिथलाच, त्याला तो बरोबर कळला.

सगळं सुरू झालं सांडपाण्याच्या नकाशावरून. कुणीतरी तो भलत्याच प्रकारात दाबून रस्तेवाल्यांना पाठवला. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो उघडेना. पण उघडत नाही असं कळवणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. मग त्यांनी आभार मानले आणि अंदाजाने खणलं. शाळेच्या मैदानात झकास कारंजं उडालं. तेव्हा रोजच्या वापराला एकच प्रकार ठरवा, असा वरून हुकूम आला आणि व्हर्नाबाईंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली.

मतं तीन होती. आर्लोचं झिप, कारण ते कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं आणि उघडणाऱ्याला डोकं लागत नाही. करआकारणीचे डेलमार प्रुइट सेव्हन-झिपचे, कारण त्यात फाइल आणखी बारीक होते, आणि दाबायचंच तर हात आखडता कशाला. ग्रंथालयाच्या कोरिनबाई माकींना टार हवं होतं. आधी सगळ्या फायलींची मोट बांधायची, मग ती आवळायची, म्हणजे शंभर वर्षांनीही उघडेल, असं त्यांचं म्हणणं. रस्तेवाल्यांना ते दुपारपर्यंत उघडायला हवं होतं, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

गुरुवारी चाचणी घ्यायचं ठरलं. हाताशी फाइल होती ती समितीच्याच जुन्या बैठकांच्या इतिवृत्ताची. आर्लोने ती तिन्ही प्रकारांत दाबली. तिन्हींत ती जवळपास नाहीशीच झाली.

"बरीच दबली की," डेलमार म्हणाले. "हे जमलं कसं?"

इथे आर्लोने गप्प बसायला हवं होतं. "जे परत परत येतं ते यंत्र एकदाच लिहितं," तो म्हणाला. "बाकी ठिकाणी नुसतं 'वरीलप्रमाणे'."

"म्हणजे आम्ही तेच तेच बोलतो," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"मी नाही म्हणत. यंत्र म्हणतंय."

"वेगळंच आहे हो तुमचं यंत्र," त्या म्हणाल्या, शेजारणीने केस जांभळे रंगवल्यावर म्हणावं तशा.

आता प्रश्न गावाच्या अब्रूचा झाला. यापुढे समितीचं इतिवृत्त दबता कामा नये, प्रत्येकाने पूर्वी न बोललेलं काहीतरी बोलावं, असं ठरलं. डेलमार मामाच्या लाकडी पायाविषयी आणि त्यात घर केलेल्या खारीविषयी बोलले. कोरिनबाईंनी सूचनांना अनुमोदन फिनिश भाषेत दिलं. प्रत्येक भाषणानंतर आर्लोने इतिवृत्त दाबून बघायचं. शुक्रवारी दुपारी ते तसूभरही दबेना आणि सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. झिपचं नाव कुणी काढलं नव्हतं.

शेवटी आर्लोनेच मतदानाची आठवण केली. आता, आपलंच घोडं पुढे दामटणं टॅमरॅक फॉल्समध्ये फार वाईट दिसतं. डेलमारनी कोरिनबाईंचा मान राखून टारला मत दिलं. कोरिनबाईंनी आर्लोचा मान राखून झिपला. राहिला आर्लो. त्याने फक्त झिप म्हणायचं होतं. होडी, तळं, शनिवारची पहाट, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं. सगळे त्याच्याकडे प्रेमाने बघत होते.

"डेलमार म्हणतात त्यातही तथ्य आहे," आर्लोच्या तोंडून निघालं. "माझं मत सेव्हन-झिपला."

तिन्ही प्रकारांना एकेक मत. अध्यक्षांनी मत देणं बरं दिसत नाही, म्हणून व्हर्नाबाईंनी तोडगा दिला: फाइल आधी झिप करायची, ती सेव्हन-झिपमध्ये घालायची आणि तिला वरून टारने आवळायचं. कुणी दुखवायला नको. पहिला मान सांडपाण्याच्या नकाशाला मिळाला. आधीच चांगला दाबून ठेवलेला तो नकाशा तिन्ही संस्कार होऊन बाहेर आला तेव्हा होता त्याहून किंचित मोठा झाला होता.

"भरलाय जरा," कोरिनबाई कौतुकाने म्हणाल्या.

राहता राहिलं रस्तेवाल्यांना तिन्ही गाठी सोडवून द्यायचं काम. त्यांना उद्या, शनिवारी सकाळीच खणायचं होतं. व्हर्नाबाई आर्लोकडे वळल्या. "तुझी काही हरकत नसेल तर."

"छे, हरकत कसली," आर्लो म्हणाला.

मग तो आपल्या टेबलापाशी गेला आणि राज्याच्या मत्स्य खात्याला अर्ज लिहू लागला. अर्जात त्याने नकाशा, कारंजं आणि मतदानाचा निकाल हे सगळं क्रमाने मांडलं, आणि शेवट असा केला: सबब, वॉलआय माशांचा हंगाम यंदापुरता सोमवारपर्यंत पुढे ढकलण्यात यावा. ते शक्य नसल्यास आमच्या तळ्यातील एक मध्यम आकाराचा मासा अर्जदाराच्या नावे राखून ठेवण्यात यावा, व तसे संबंधित माशास खात्यामार्फत लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.